कलेक्टरला न कळवलेली नाणी अभ्यासकाने छापावीत का?

कोकणात जमीन सतत उघडी पडत असते. चिऱ्याच्या खाणी, नव्या विहिरी, आंबा-काजूच्या कलमांचे खड्डे, महामार्गाचं चौपदरीकरण, खाडीतला वाळूउपसा, चाकरमान्यांच्या घरांचे पाये. अशा खोदकामात एखाद्या दिवशी खापराचं मडकं फुटतं आणि आतून हिरवट पडलेला, एकमेकांना चिकटलेला नाण्यांचा गोळा निघतो. मग गुप्तधनाची कुजबुज होते, कुणीतरी राखणदाराची आठवण काढतो, नारळ फुटतो आणि दिवस मावळायच्या आत वाटणीही होऊन जाते.

समजा, दापोली किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या गावात असं घडलं. काही नाणी सोनाराकडे गेली, काही मुंबईच्या बाजारात पोचली, काही घरातल्या डब्यात राहिली. दोन-तीन महिन्यांनी त्यातल्या एकाचा फोटो व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत नाण्यांच्या अभ्यासकाकडे येतो. वहीच्या रेघी कागदावर ठेवलेलं नाणं, आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयांचं नाणं. चिंच आणि मीठ लावून घासल्यामुळे जुनं नाणं नव्यापेक्षा जास्त चकाकतंय. खाली प्रश्न: ‘सर, हे कोणाचं? किती येतील?’

अभ्यासक फोटो मोठा करून बघतो आणि जागेवरच थबकतो. त्यावरचं राजाचं नाव आजवर एकाही नोंदीत आलेलं नाही. लेख लिहिला तर कोकणच्या इतिहासात एक नवी ओळ येईल. पण नाणी सापडल्याचं सरकारला कुणी कळवलेलं नाही. अशा वेळी लेख लिहावा की लिहू नये, यावर जगभरचे नाणेशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ वर्षानुवर्षं भांडत आहेत. आपल्याकडे याची उघड चर्चा फारशी होत नाही. ती व्हायला हवी, म्हणून हा लेख.

आधी नाणं आणि नाण्यांची रास यांतला फरक समजून घेऊ, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे.

सुमारे इ.स. ८०० ते १२६५ या काळात उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. दक्षिण कोकणात शिलाहारांचीच दुसरी शाखा होती. त्यांच्यातल्या रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला मिळालेला आहे. दानाचे असे लेख आपल्याकडे बरेच आहेत. पण त्या काळात ठाण्याच्या किंवा चौलच्या बाजारात माणसं हातात कोणतं नाणं घेऊन उभी असत, याची माहिती मात्र तुटपुंजी आहे. त्या काळी पश्चिम भारतात ‘गधैया’ नावाची नाणी सर्रास चालत. जाड, लहान, कमीअधिक चांदीची आणि साधारण चार ग्रॅम वजनाची. मुळात ती इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांची नक्कल. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. नकलेची नक्कल होत होत शेवटी चेहऱ्याच्या जागी काही रेघा आणि ठिपके उरले, वेदीही नुसत्या आडव्या-उभ्या रेषांची झाली. शिलाहार छित्तराजाचं नाव असलेली अशी नाणी माहीत आहेत. पण बहुतेक गधैया नाण्यांवर कुणाचंही नाव नसतं. गुजरातेत, माळव्यात, राजस्थानात, महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच दिसतात.

मग नाव नसलेलं गधैया नाणं शिलाहारांच्या मुलखात चालत होतं की गुजरातेत, हे ठरवायचं कसं? मुख्य आधार एकच, ते कुठल्या जमिनीतून आणि कुठल्या नाण्यांच्या सोबतीने निघालं. सापडण्याची जागा हरवली की हे नाणं गट नंबर फाटलेल्या सातबाऱ्यासारखं होतं. कागद जुना आहे, खरा आहे, पण जमीन कुठली ते त्यावरून सांगता येत नाही.

अखंड रास काय सांगू शकते, याचं उत्तम उदाहरण कोकणातलं नाही, घाटावरचं आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांची रास सापडली. १३,००० हून जास्त नाणी. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप मारलेले. नहपानाचा पराभव झाला आणि जिंकणाऱ्याने हरलेल्याचाच पैसा आपल्या शिक्क्याखाली चालवला, हे या राशीने लख्ख दाखवून दिलं. एकच नाणं मिळालं असतं तर ती गंमतीची वस्तू ठरली असती. दहांतल्या सात नाण्यांवर छाप आहे, हे प्रमाण मोजता आलं ते बहुतेक सगळी नाणी एकत्र हाताळायला मिळाली म्हणून.

आता दाभोळकडे बघू. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. रशियन प्रवासी निकितिन भारतात उतरला चौलला आणि परत निघाला दाभोळहून. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज आरमाराने दाभोळ लुटून जाळलं. समजा, या परिसरात एक मडकं निघालं. त्यातली सगळी नाणी १५०८ च्या आधीची, आणि सगळ्यात नवं नाणं १५०७ च्या सुमाराचं. आरमार खाडीत शिरत असताना कुणीतरी घाईघाईने पुरून ठेवलेला हा पैसा असेल का, हा प्रश्न आपण नीट विचारू शकतो. मडकं घराच्या जमिनीखाली होतं की कुंपणाजवळ, वर जळकी माती होती का, नाणी कापडात गुंडाळलेली होती का, यांवरून उत्तराकडे सरकता येतं. गंजलेल्या नाण्यांवर कधीकधी कापडाच्या विणीचा ठसाही उमटलेला असतो. चिंच-मिठाने घासलं की तो गेला. आणि नाणी वाटली गेली की सगळ्यात नवं नाणं कोणतं, हेच सांगता येत नाही, कारण ते नेमकं कुणाच्या डब्यात गेलं हे कळायला मार्ग नसतो. पुरणाऱ्याची तारीख त्या एका नाण्यावर होती.

आता कायदा. भारतात यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे, आणि तो अजूनही लागू आहे. जमिनीत दडलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. मग कलेक्टर जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतो. कुणी शंभर वर्षांच्या आत पुरलेलं धन म्हणून हक्क सांगितला तर प्रकरण दिवाणी कोर्टात जाऊ शकतं. मध्ययुगीन नाण्यांच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, धन बेवारस ठरतं. जागेच्या मालकाने दावा केला नाही तर ते सापडणाऱ्याचं. मालकाने दावा केला आणि आपसात जमलं नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारला हवं असेल तर पैसे देऊन ते घेता येतं. न कळवल्यास सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय त्याचा वाटाही जातो.

म्हणजे ‘सरकार सगळं फुकट घेऊन जातं’ हा गावोगावचा समज कायद्याला धरून नाही. पण लोक घाबरतात ते उगीच नाही. सरकार निधी घेतं तेव्हा दिली जाणारी रक्कम ठरते धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. चार ग्रॅम हिणकस चांदीच्या नाण्याला त्या चांदीचा भाव आणि वर वीस टक्के. तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव. बाजारात त्याच नाण्याला कितीतरी पट पैसे मिळतात, हे मोबाइलवर बघून शेंबड्या पोरालाही कळतं. प्रामाणिक माणसाने प्रामाणिक राहून तोटा सोसावा अशी ही रचना आहे, आणि ती बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे.

कोकणात आणखी एक गुंता असतो. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. निम्मे लोक मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद झालेली नाही. पाव हिस्सा मालकाचा, पण मालक कोण? आणि खणणारा असतो कर्नाटकातून किंवा नेपाळमधून आलेला मजूर. कायद्याच्या दृष्टीने सापडणारा तो, सगळ्यात मोठा वाटा त्याचा. प्रत्यक्षात त्याच्या हातावर पाचशेची नोट टेकवून त्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं जातं. अभ्यासकाची ओळख असते जागेच्या मालकाशी, त्या मजुराशी कधीच नाही. नैतिकतेच्या चर्चेत या माणसाचं नाव निघत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलावस्तूंचा. तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. जुनी नाणी घरात बाळगायला मात्र बंदी नाही. त्यामुळे वारशाने आलेली, जुन्या संग्रहातून रीतसर घेतलेली आणि गेल्या महिन्यात जमिनीतून काढून लपवलेली, अशी सगळी नाणी एकाच अल्बममध्ये शेजारी शेजारी बसू शकतात. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

या दोन्ही कायद्यांत सापडणाऱ्याची, मालकाची, विकणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे. फोटो बघून लेख लिहिणाऱ्या अभ्यासकाने काय करावं हे त्यांत सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या बुद्धीने ठरवायचं.

पुष्कळ अभ्यासक म्हणतात, ‘मी नाणं विकत घेतलं नाही, विकलं नाही. मी फक्त वाचलं. वाचण्यात कसला गुन्हा?’ गुन्हा नाहीच. पण लेख छापून आल्यावर बाजारात काय होतं ते बघा. काल जे नाणं ‘अज्ञात राजा, बहुधा कोकण’ होतं, त्याला आज नाव, काळ, वजन, स्पष्ट फोटो आणि एका जाणकाराची सही मिळाली. खोटं असेल ही शंका गेली. विक्रीच्या यादीत ‘अमुक नियतकालिकात प्रसिद्ध’ अशी ओळ आली. त्याहून मोठा परिणाम म्हणजे, कुठून आलं हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही. छापील लेखच त्याचा जन्मदाखला होतो. लपवलेल्या मालाला उजळ माथ्याने फिरण्याची सोय अभ्यासकाने करून दिली, तीही एक पैसा न घेता. आणि गावात निरोप पोचतो की त्या आळीतल्या मडक्यातल्या नाण्याला मोठा भाव आला. मग उरलेल्या जागेवर रात्री फावडी चालतात.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. नाणं सापडून गेलंय, वाटणीही झालीय. अभ्यासकाने तोंड फिरवलं म्हणून मडकं परत जुळणार नाही. उलट निदान एका नाण्याचं वाचन, वजन आणि फोटो राहिला असता, तोही जाईल. छोट्या राजवटींचा इतिहास अशा एकेका तुकड्यावर उभा असतो. शिवाय पुढच्या पिढीला काय सांगणार? कोकणच्या एका राजाचं नाव आम्हाला कळलं होतं, पण नियम आडवा आला? हा प्रश्न मला खरोखर टोचतो. मुक्या राजवटीला वाचा फोडणारं नाणं डोळ्यांसमोर असताना गप्प बसायला फार बळ लागतं.

पण या बाजूत एक कच्चा दुवा आहे. जे नाणं सगळ्यात दुर्मीळ, तेच खोटं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवकालीन होनांच्या नकला किती फिरतात हे संग्राहकांना विचारा. जिथून निघालं ती माती, सोबतची नाणी, काढणारा माणूस यांतलं काहीच ठाऊक नसताना केवळ फोटोवरून नवा राजा जाहीर करायचा, आणि दहा वर्षांनी ते नाणं कुणाच्या तरी कारखान्यात घडलं होतं असं निघायचं. तोवर ते नाव पाच पुस्तकांत आणि दोन प्रबंधांत गेलेलं असतं. जागा न सांगणाऱ्या नाण्यावर इतिहास रचण्यात अनीतीचा प्रश्न आहेच, पण तो कच्चा अभ्यासही आहे.

इंग्लंडमध्ये २०१५ साली हा सगळा वाद दोन राशींनी समोरासमोर आणून ठेवला. दोन्ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, व्हायकिंग स्वाऱ्यांच्या काळात पुरलेल्या. पहिली हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ निघाली. धातूशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या दोघांनी ती काढली आणि कळवली नाही. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे. सुरुवातीला हाती लागली ती फक्त ३१. अंदाज तरी कशावरून? त्यांच्या मोबाइलमधले पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले, त्यावरून. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढे २०२३ मध्ये आणखी ४४ नाणी विकू पाहणारे दुसरे दोघे तुरुंगात गेले, आणि ती नाणीही बहुधा याच राशीतली आहेत. बाकीची आजही कुठे आहेत ते कळलेलं नाही.

दुसरी रास ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ सापडली. इथे सापडणाऱ्याने लगेच कळवलं. तज्ज्ञांनी ती मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि प्रयोगशाळेत थर थर करून सोडवली. १८६ नाणी, काही दागिने, चांदीच्या कांबी. ॲशमोलियन संग्रहालयाने २०१७ मध्ये ती साडेतेरा लाख पौंडांना घेतली.

दोन्हींत एक विलक्षण नाणं होतं. त्यावर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ यांच्या नावाने पाडलेलं. आधी या प्रकारची दोनच नाणी माहीत होती. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून हिणवलेलं आहे. नाण्यांनी सांगितलं की दोघं काही काळ बरोबरीचे मित्र होते. जेत्याने लिहिलेली बखर नाण्याने दुरुस्त केली. वॉटलिंग्टनच्या राशीत या प्रकाराच्या सोबत दुसरी कोणती नाणी किती होती, हे पूर्ण मोजता येतं. हेरफर्डशायरच्या राशीबद्दल तेच विचारलं तर उत्तर अर्धवट राहतं, आणि कायम अर्धवट राहील.

तिथे लोक कळवतात यामागे एक साधं कारण आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात संग्रहालयाने निधी घ्यायचा तर तज्ज्ञांच्या समितीने ठरवलेला बाजारभाव द्यावा लागतो, आणि तो सहसा सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. त्याच्या जोडीला १९९७ पासून गावोगावच्या छोट्या शोधांची नोंद घेणारे अधिकारी नेमलेले आहेत. तरीही चोरी होते, हे वर दिसलंच. पण कळवणाऱ्याचा तोटा होत नाही.

नियतकालिकांनी यावर काय केलं? अमेरिकेतल्या पुरातत्त्व संस्थेच्या नियतकालिकाने एक रेघ ओढली. साधारण १९७३ नंतर संग्रहात आलेली आणि कायदेशीर उगम न दाखवता येणारी वस्तू पहिल्यांदा प्रसिद्ध होण्याची जागा आमचं पान असणार नाही. ही रेघ १९७० च्या युनेस्को कराराला धरून आहे. भारताने तो करार १९७७ मध्ये मान्य केला. पण हे नियम मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात पळवलेल्या वस्तूंसाठी घडले. रत्नागिरीत निघून दादरला विकल्या गेलेल्या नाण्याने कोणतीच सरहद्द ओलांडलेली नसते. त्यामुळे परदेशी नियम जसाच्या तसा उचलून आपलं काम भागणार नाही.

माझं म्हणणं मी स्पष्टच सांगतो. नव्याने निघालेलं नाणं कलेक्टरकडे नोंद होईपर्यंत छापू नये. कितीही दुर्मीळ असो. पण ‘छापणार नाही’ एवढं म्हणून अभ्यासकाने हात झटकले तर तो निम्मंच काम करतो. फोटो पाठवणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात सांगायचं, ‘दादा, हे वाचून देईन, पण किंमत सांगणार नाही. आणि हे कळवावं लागेल. अर्ज मी लिहून देतो, तहसीलला सोबत येतो.’ आधी गोड बोलून सगळी नाणी बघून घ्यायची आणि मग मागच्या मागे तक्रार करायची, हे मला पटत नाही. त्याने एका गावाचा नव्हे, आख्ख्या तालुक्याचा विश्वास जातो आणि पुढचं मडकं थेट सोनाराच्या मुशीत जातं.

घासू नका, वितळवू नका, मडक्याची खापरं फेकू नका, खड्डा बुजवू नका: हेही त्याच फोनवर सांगायचं. खापरांवरून काळ ठरायला मदत होते, हे लोकांना माहीत नसतं. खणणारा कोण होता हे विचारून त्याचं नाव अर्जात सापडणारा म्हणून घालायचं. मालकाला ते आवडणार नाही. तरी घालायचं.

अर्जासोबत अभ्यासकाने नाण्यांचं ऐतिहासिक महत्त्व सांगणारं पत्र जोडावं. महसूल खात्यातल्या कारकुनाला गधैया आणि शिवराई यांतला फरक कळावा अशी अपेक्षा चुकीची आहे. कागद एका टेबलावर पडून राहू नये म्हणून त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयालाही द्यावी. आणि हो, यात महिने जातात. कायद्यानेच दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत दिली आहे. आठशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याचा लेख वर्षभर थांबू शकतो.

फोटो पाठवणारा ऐकायलाच तयार नसेल तर? मग वाचून दाखवू नये, खरं-खोटं सांगू नये, किंमत तर मुळीच नाही. त्या तिन्ही गोष्टी विक्रीला मदत करतात. मिळालेला फोटो आणि तारीख स्वतःजवळ नोंदवून ठेवावी. पण जमिनीत अजून काही शिल्लक असण्याची शक्यता असेल, तर जागेची माहिती पुरातत्त्व खात्याला द्यावी, आणि तसं त्या माणसालाही सांगावं. इथे माझ्या मते गावकीच्या भिडेपेक्षा ती जागा महत्त्वाची.

रीतसर नोंद झालेल्या राशीबद्दल लिहितानाही नेमकी जागा छापायची का, हा प्रश्न राहतो. कातळशिल्पांच्या बाबतीत रत्नागिरी-सिंधुदुर्गात उलटा अनुभव आला. जागा जाहीर झाल्या, गावकऱ्यांना त्यांचं मोल कळलं, अनेक ठिकाणी त्यांनीच राखण सुरू केली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आली. पण कातळ खिशात घालून नेता येत नाही, नाणं नेता येतं. म्हणून लेखात तालुक्यापर्यंतच सांगावं, आणि गट नंबरासकट पूर्ण नोंद खात्याकडे आणि संग्रहालयाकडे बंद ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला ती मागता येईल.

राहिली ती जुन्या डब्यातली नाणी. आजोबांनी पेटीत ठेवलेली, कुळाने कधीतरी आणून दिलेली, १९५० च्या आसपास विहीर खणताना मिळालेली. सापडणारा हयात नाही, रास केव्हाच फुटलेली. या नाण्यांना ताज्या चोरीच्या मापाने मोजणं अन्याय होईल. ही छापावीत, पण मोकळेपणाने लिहून. ‘हे नाणं मालकाच्या घरी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे असं ते सांगतात. चिपळूण तालुक्यातल्या त्यांच्या बागेत विहीर खणताना एका मडक्यात अशी बरीच नाणी निघाली होती, असं त्यांनी लहानपणी ऐकलं आहे. बाकीची नाणी कुठे गेली ते कळलेलं नाही. त्या वेळी सरकारदरबारी कळवल्याची नोंद सापडली नाही. जागेची माहिती ऐकीव आहे, ती सिद्ध मानू नये. नाणं मालकाकडेच असून संग्रहालयाला देण्याबाबत त्यांच्याशी बोलणं झालं आहे.’ एवढ्या सहा-सात ओळी. अशी नोंद असलेला लेख संपादकाने आनंदाने घ्यावा. नुसतं ‘खासगी संग्रह, कोकण’ लिहून आलेला लेख मात्र परत पाठवावा, मग त्यातलं नाणं कितीही दुर्मीळ असो आणि लिहिणारा कितीही मोठा असो.